डब्यातला कम्प्युटर

भाऊंचा जेवणाचा डबा उघडायला बारा मिनिटं लागत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यातली बारा मिनिटं उघडण्यात, सात बंद करण्यात, आणि मधे जे काय उरेल त्यात हा माणूस जेवायचा. स्कूटरच्या डिक्कीतून आधी प्लास्टिकची पिशवी निघे, तिच्यातून कापडी पिशवी, कापडी पिशवीतून चार कप्प्यांचा स्टीलचा डबा आणि प्रत्येक कप्प्यात पुन्हा एकेक छोटी डबी. ठेचा कॅमेऱ्याच्या जुन्या रिळाच्या डबीत. मीठ होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डबीत. लिंबाची फोड एका डबीत आणि तिच्या बिया ठेवायला दुसरी डबी, घरून रिकामी आणलेली.

"भाऊ, वरणाला डबा पाहिजे हे समजते. पापडाले कायले?" मी विचारलं.

"मॅडम, पापडाले हवा लागली का तो पापड राहत नाही."

कारखान्यात त्यांना पाठीमागे सगळे 'डब्बा' म्हणत आणि तोंडावर 'भाऊ'. मीही तेच करायचे. खरं नाव सांगत नाही, कारण ते हे वाचतील, कागदाची घडी घालतील आणि कुठल्यातरी डबीत ठेवून देतील.

आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत. पंपाच्या, मोटारीच्या सांध्यांमधून तेलपाणी गळू नये म्हणून जे काळं रबरी कडं बसवतात, ते आम्ही बनवायचो. माझ्याकडे गुणवत्ता विभाग होता, म्हणजे दिवसभर लोकांच्या चुका काढायच्या. हे काम मला मनापासून आवडायचं. भाऊंकडे कारखान्यातले सगळे कम्प्युटर. पंचेचाळिशीचा माणूस, मूळचा मौद्याकडचा, घरी धानाची शेती. बोलणं कमी. चालताना खिशातून खुळखुळ आवाज यायचा, कारण खिशातही डब्याच.

उन्हाळ्यात नागपूरचा माणूस खिशात कांदा ठेवतो, ऊन लागू नये म्हणून. भाऊही ठेवायचे, पण साबणाच्या डबीत. मी म्हटलं, "भाऊ, डबीतल्या कांद्याचा तुम्हाला काय उपयोग?" ते म्हणाले, "कांद्याले ऊन लागू नाही ना, मॅडम."

त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा वहिनींनी भाच्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. नवरीच्या बहिणी नवरदेवाचे जोडे पळवतात, म्हणून भाऊंनी मांडवात पाऊल टाकताच जोडे एका पत्र्याच्या डब्यात घातले, डब्याला कुलूप लावलं आणि किल्ली जपून एका डबीत ठेवली. लग्न लागलं, जेवणं झाली, वरात निघायची वेळ आली. डबी सापडेना. शेवटी नवरदेव मामाच्या, म्हणजे भाऊंच्या चपला घालून निघाला आणि भाऊ अनवाणी, काखेत जोड्यांचा डबा धरून मागून चालत होते. किल्ली पुढच्या दिवाळीत रांगोळीच्या डब्यात सापडली.

"ठेवून देण्यात लई हुशार माणूस," वहिनी मला वाण देता देता म्हणाल्या. "काढून देण्यात नाही."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

आमच्या लॅबमध्ये एक काकू होत्या. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, रबर ताणून तोडायचं. रबराचा प्रत्येक घाण, म्हणजे एका वेळी कालवलेला गोळा, तयार झाला की त्यातून पट्ट्या कापायच्या, एक पट्टी यंत्राच्या दोन जबड्यांत अडकवायची, यंत्र ती ताणत जाई, आणि पट्टी तुटली की किती जोर लागला तो आकडा शेजारच्या कम्प्युटरमध्ये आपोआप जमा होई. काकूंना पट्टी बोटांत धरूनच कळायचं की आज हिचं लक्षण ठीक नाही. पण गिऱ्हाइकाला काकूंची बोटं चालत नाहीत, आकडा लागतो.

तो कम्प्युटर फार म्हातारा होता. त्याच्यात विंडोजची फार जुनी आवृत्ती, आणि यंत्राचा प्रोग्राम तिच्याशिवाय दुसऱ्या कशावर चालतच नव्हता. प्रोग्राम बनवणारे कधीच दुकान बंद करून गेले होते. सकाळी बटण दाबून काकू चहा मांडायला जात, चहा पिऊन कप धुऊन येत, तेव्हा कुठे पडद्यावर त्यांच्या नातीच्या बारशाचा फोटो उगवायचा. आषाढात एके दिवशी फोटोऐवजी धूर निघाला.

छोटे सेठ, म्हणजे मालकांचे चिरंजीव, या धुराची वाटच पाहत होते. त्यांना लॅबची जागा गोडाऊनसाठी हवी होती. "सॅम्पल बाहेरच्या लॅबमध्ये पाठवू," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "काकूंना किती वर्षं राहिली आता? दोनच ना?"

त्या दिवशी बेसिनपाशी हात धुताना काकू मला म्हणाल्या, "मॅडम, दोन वर्सं राहिली माही. आपल्या पायानं जावं वाटते. कोनी काढलं म्हून नाही." मी तोंडदेखलं काहीतरी बोलले. भाऊ शेजारच्या नळावर आपला डबा घासत होते. त्या दिवशी त्यांनी झाकण दोनदा घासलं.

डबा घासण्यावरही सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. उष्टा डबा ठेवायचा नाही, हा भाऊंचा धर्म होता. जेवण झालं की हात कोरडे व्हायच्या आत डबा नळाखाली. वहिनींनी लग्नापासून त्यांचा डबा घासलेला नाही. "खरकटं बंद करून ठेवनं म्हंजे पाप," ते म्हणायचे.

चार दिवस भाऊ सर्वरच्या खोलीत बसून होते. पाचव्या दिवशी त्यांनी मोठ्या सेठना, छोट्या सेठना आणि मला बोलावलं. टेबलावर बशीत कोथिंबिरीचं सारण भरलेल्या सांबारवड्या होत्या. मला वाटलं वाढदिवस आहे.

"सेठ," भाऊ म्हणाले, "आपला सर्वर लिनक्सचा. त्याच्यावर मी एक डब्बा ठेवला. कंटेनर म्हंतात त्याले. त्या डब्यात एक खोटं मशीन, अन् खोट्या मशीनीत काकूंची जुनी विंडोज, जळक्या मशीनीच्या डिस्कवरून उतरवलेली, जशीच्या तशी. तिले वाटते आपण आपल्याच कम्प्युटरात हावो. बाहेर काय चालू हाये, तिले माईतच नाही."

मोठे सेठ विचार करून म्हणाले, "म्हंजे फसवून राहिला तू तिले."

"नाही सेठ. सांभाळून राहिलो."

मग त्यांनी एक वडी उचलली. वरचं बेसनाचं आवरण म्हणजे कंटेनर, आतला सांबार म्हणजे विंडोज. धरणाऱ्याच्या हाताला कोथिंबिरीचं पान लागत नाही आणि आतल्या सांबाराला बाहेरचा हात लागत नाही. मोठ्या सेठना हे एकदम पटलं. त्यांनी वडी घेऊन मधोमध चावा घेतला आणि सगळं सारण त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पडलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमी डब्बा मधून फोडला, सेठ."

काकूंच्या टेबलावर नवा कम्प्युटर आला. त्यात एक खिडकी उघडायची आणि खिडकीत त्यांचा जुना पडदा, नातीच्या बारशाच्या फोटोसकट, सगळी चित्रं आपापल्या जागी. उजव्या कोपऱ्यात त्यांनी जुन्या मशीनवर टाइप केलेली एक यादीसुद्धा होती: साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, दही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या फराळाचं सामान. तो सोमवार होऊन गेला होता, म्हणून काकूंनी पहिल्याच दिवशी ती यादी पडद्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत टाकली. पदर नीट करून पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आत पंखा हाये का गा भाऊ त्याले? गरम होत असंन."

"सर्वरच्या खोलीत एसी हाये, काकू."

"मंग माह्यापेक्षा बरा हाये."

धूर निघालेल्या म्हाताऱ्या कम्प्युटरचं खोकं भाऊंनी फेकू दिलं नाही. आतडी काढून टाकली, आतून पुसलं आणि त्यात आपला जेवणाचा डबा ठेवायला लागले.

मी विचारलं, "भाऊ, हे तुमचे कंटेनर बंद पडले तर?" ते म्हणाले, "माहे सगळे डब्बे थांबले का आपोआप घासले जाते, मॅडम. तसंच चालवतो मी ते. सर्वरवर खरकटं नको." कम्प्युटरवाल्यांचं बोलणं ऐकताना मान हलवायची असते, तशी मी हलवली. त्या वेळी आणखी एक प्रश्न विचारला असता तर बरं झालं असतं, पण मला पोळी गार होत असल्याची जास्त काळजी होती.

आता श्रीखंडाचे डबे. भाऊंना कुठलाही रिकामा डबा फेकलेला बघवत नसे. लग्नाच्या पंगतीतून, कॅन्टीनमधून, शेजाऱ्यांच्या कचऱ्यातून ते डबे आणत. काकू प्रत्येक घाणातून तीन पट्ट्या कापायच्या, एक तोडायला आणि दोन हाताशी असाव्या म्हणून. उरलेल्या दोन पूर्वी आठवड्याने कचऱ्यात जात. भाऊंनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी दहा डबे घेऊन आले. तेव्हापासून प्रत्येक घाणाच्या उरलेल्या पट्ट्या एका डब्यात, डब्यावर पेनाने तारीख आणि घाणाचा नंबर. दोन महिन्यांत लॅबच्या फळ्या भरल्या. आत गेलं की रबराचा आणि वेलचीचा मिळून असा वास यायचा की नवीन माणसाला जेवावं की पळावं कळू नये.

दसऱ्याच्या साफसफाईत मी तोंड सोडलं. "ही लॅब आहे की मिठाईचं दुकान? दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा तपासनीस येणार. एकूण एक डबा उचलून फेका." काकू भाऊंकडे बघत राहिल्या. भाऊंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी फळ्या रिकाम्या होत्या आणि मी माझ्या हुकमावर खूश होते.

तपासनिसाचं प्रकरण साधं नव्हतं. आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस, मागच्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक घाणाचा आकडा तो बघणार होता. छोटे सेठ मला केबिनमध्ये म्हणाले होते, "एकही आकडा कमी निघाला, तर लॅब बंद. मग कोणी मला काही सांगायचं नाही." तपासनीस येणार होता, पण परीक्षा खरं तर काकूंचीच होती.

नवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. मोठ्या सेठचा नियम असा की पूजेच्या वेळी कारखान्यात एकही यंत्र चालू असता कामा नये. पंखे बंद, कूलर बंद, चहाचं मशीनसुद्धा बंद. "वर्सभर राबते, एक दिवस झोपू द्या त्याइले." इतकी वर्षं सर्वर या नियमातून निसटत आला होता, कारण तो कपाटात होता आणि सेठना तो यंत्र आहे हेच माहीत नव्हतं. आता सांबारवडीमुळे माहीत झालं होतं.

"सर्वर बंद नाही करत, सेठ," भाऊ म्हणाले.

"काहून? त्याले देव नाही का?"

या प्रश्नाला कम्प्युटरच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नसावं. भाऊ चपला काढून सर्वरच्या खोलीत गेले, एकेक डबा थांबवला, मग सर्वर बंद केला, हात जोडले. सर्वरला झेंडूचा हार घातला गेला. लॅबमध्ये काकूंनी ताणायच्या यंत्राला हळदकुंकू वाहिलं आणि मग त्या जुन्या रिकाम्या खोक्यालाही वाहिलं. आत भाऊंचा डबा होता. पूजेनंतर तासभर त्याला हात लावायचा नाही म्हणून भाऊ तेवढा वेळ उपाशी बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला लॅबमध्ये बोलावलं. तपासनीस उद्यावर होता.

"मॅडम, यादी परत आली."

"कोणती यादी?"

"भगर, राजगिरा. मी श्रावणात फेकली होती ही. पेटीत टाकली, पेटी रिकामी केली. परत काहून आली?"

मी पडद्यावर पाहिलं. यादी कोपऱ्यात बसली होती, कधी गेलीच नव्हती अशी. मी आकड्यांचा प्रोग्राम उघडला. शेवटची नोंद आषाढातली, धूर निघाला त्याच्या आदल्या दिवसाची. तिच्यानंतर काहीच नाही. दोन महिन्यांचे सगळे आकडे गेलेले.

भाऊ आले. त्यांनी कापडी पिशवी खाली ठेवली आणि पडद्याकडे बघितलं. "डब्यातलं कुठी जाईन?" असं म्हणत ते सर्वरच्या खोलीत गेले. आम्ही दोघी मागे. काळ्या पडद्यावर त्यांनी काहीतरी टाइप केलं, पुन्हा तेच टाइप केलं, मग हात मांडीवर ठेवले. भाऊंचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत होते, पण त्या चेहऱ्यावर झाकण नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"काकू," ते म्हणाले, "मी डब्बा घासून टाकला."

काकूंना समजलं नाही. मला हळूहळू समजलं. पूजेसाठी थांबवला, थांबताच तो स्वतःला घासून बसला, आणि पुन्हा चालू केला तो मूळचा, आषाढातला. बाकीच्या डब्यांतलं सामान भाऊ बाहेर वेगळं ठेवत, म्हणजे डबा घासला तरी त्याला धक्का नाही. या एकाच डब्याचं तसं करायचं राहून गेलं होतं.

"घाई झाली होती मॅडम. काकूंचं काम थांबलं होतं म्हून. करू म्हनलं उद्या, मंग राहूनच गेलं."

मला वहिनींचं वाक्य आठवलं. ते मी बोलून दाखवलं नाही, आणि माझ्या स्वभावाचा विचार करता हे माझं मोठेपण समजावं. काकू मात्र खुर्चीवर बसल्या आणि पदराने उगीच टेबल पुसायला लागल्या.

छोटे सेठ आले. आनंद लपवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण चेहरा वडिलांवर गेलेला, त्यावर काही लपत नाही. मग गिऱ्हाईकच जाईल हे लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एक करा," ते भाऊंना म्हणाले, "त्या डब्यातलं घड्याळ मागे करता येतं ना? रोजची तारीख टाका, अंदाजाने आकडे भरा. आत काय चाललंय हे बाहेर कोणाला कळतं?"

खरं सांगते, दोन मिनिटं मला मोह झाला. सव्वीस वर्षं राबलेल्या बाईची उरलेली दोन वर्षं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला थोडेसे खोटे आकडे, जे बहुतेक खरेच निघाले असते. गुणवत्ता विभागाची मी प्रमुख, आणि मी गप्प उभी होते.

भाऊ म्हणाले, "घड्याळ मागं होते छोटे सेठ, पन मी नाही करनार. डब्यावर तारीख खरी पाहिजे. नाहीतं श्रीखंड कोन खाईन?"

श्रीखंड म्हणताच काकूंनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच जमिनीकडे.

"ते डबे मी फेकायला सांगितले होते," मी म्हटलं.

"सांगितले होते."

"मग?"

"इथंच हायेत, मॅडम. सर्वरच्या मागं. एसीत रबर चांगलं राहते."

आम्ही सर्वरच्या मागे गेलो. हार वाळून लोंबत होता, आणि त्याच्या मागे, छतापर्यंत, श्रीखंडाचे, आइसक्रीमचे, डिंकाच्या लाडवांचे डबे तारखेवार रचलेले. आयुष्यात पहिल्यांदा माझा हुकूम कोणी मोडला म्हणून मला रडू आलं. मी ते एसीच्या गारठ्यावर ढकललं.

मग दिवसभर आम्ही पट्ट्या तोडल्या. भाऊंनी आधी तो डबा नीट बांधला, आकडे बाहेर ठेवायची सोय केली आणि तीनदा बंद-चालू करून पाहिलं. प्रत्येक वेळी आकडे राहिले आणि यादी परत आली. मग काकू जबड्यात पट्टी अडकवायच्या, भाऊ डब्यावरची तारीख आणि नंबर मोठ्याने वाचायचे, मी लिहायचे. एकशे बारा घाण होते. दुपारी कोणीतरी तर्री पोहे आणले. भाऊंचा डबा उघडायला वेळ नव्हता. त्यांनी द्रोण हातात घेतला, पोह्यांवर तर्री, तर्रीवर चणे, त्यात कांदा, सगळं एकमेकांत कालवलेलं, आणि उभ्याने खाल्लं. काकूंनी मला कोपराने ढोसून दाखवलं. पाच वाजता शेवटची पट्टी तुटली. काकूंच्या बोटांना वळ उठले होते, आणि त्या म्हणाल्या, "सगळे पास हायेत. मले माईतच होतं."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. बारीक अंगाचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. मी बोलायला तोंड उघडलं, तर भाऊच पुढे झाले.

"साहेब, दोन महिन्याचे आकडे गेले. चूक माही हाये, काकूंची नाही. मशीनीची पन नाही. काल पुन्हा पट्ट्या तोडल्या, म्हून तारीख कालची हाये सगळ्यांवर. डब्यावरची तारीख खरी हाये." आणि मग, कदाचित सवयीने, "डब्बे घासलेले हायेत."

तपासनिसाने रचलेल्या डब्यांपैकी मधलाच एक ओढला. वरचे अकरा डबे खाली आले, ते भाऊंनी छातीने अडवले. तपासनिसाने झाकण उघडलं, वास घेतला, पुन्हा एकदा घेतला. आत उरलेली शेवटची पट्टी होती. काकूंनी ती त्याच्यासमोर तोडली. आकडा आदल्या दिवशीच्या आकड्याला अगदी लागून आला. त्याने आणखी चार डबे निवडले, चारही तसेच. मग त्याने अहवालात लिहिलं की मूळ नोंदी गमावल्या ही गंभीर उणीव आहे, आणि त्याखाली लिहिलं की नमुने जपण्याची इतकी काळजी त्याने दुसरीकडे पाहिलेली नाही. जाताना भाऊंना विचारलं, "केशरवेलची होतं का?"

"आम्रखंड, साहेब," भाऊ म्हणाले. "केशरवेलची पाचव्या ओळीत हाये."

ऑर्डर राहिली, लॅब राहिली. छोट्या सेठनी गोडाऊन दुसरीकडे बांधलं.

भाऊंमध्ये एकच बदल झाला. त्या दिवसानंतर जेवण झालं की ते डबा घेऊन लगेच नळावर जात नसत. आधी काकूंच्या टेबलापाशी जात, उघडा डबा त्यांच्यापुढे धरत आणि विचारत, "घासू का?" काकू चष्मा लावून प्रत्येक कप्प्यात बघत, ठेच्याची डबी उलटी करून बघत, आणि म्हणत, "घासा." सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर कोणी हसेना, आणि काकू रजेवर असल्या की ते काम माझ्याकडे यायचं.

दोन वर्षांनी काकू निवृत्त झाल्या. आपल्या पायाने. मोठ्या सेठनी शाल-श्रीफळ दिलं, छोट्या सेठनी भाषण केलं. भाऊंनी एक स्टीलचा डबा दिला. काकूंनी उघडला तर आत दुसरा डबा, त्यात तिसरा, त्यात साबणाची डबी. तिला अजून कांद्याचा वास येत होता. तिच्यात एक पेनड्राइव्ह.

"तुमचा कम्प्युटर हाये, काकू. पूर्ण."

त्यानंतर मीही तो कारखाना सोडला. आता जिथे आहे तिथे सगळे नव्या पद्धतीने काम करतात आणि जेवण कागदी खोक्यांतून येतं. मागच्या श्रावणात काकूंचा फोन आला. भाऊ घरी येऊन नातीच्या लॅपटॉपवर तो कम्प्युटर चालू करून गेले होते.

"बारशाचा फोटो तसाच हाये मॅडम. अन् यादी पन आली."

"फेकली का?"

"नाही. आता कायले फेकू? सोमवारच होता. तेच सामान आणलं अन् भाऊले फराळाले बोलावलं. म्हनलं, रिकाम्या हातानं या. तं चार रिकामे डब्बे घेऊन आले. साबुदाण्याची उसळ भरून दिली."

"मग?"

"मंग काय. संध्याकाळी फोन आला त्याइचा. म्हने, काकू, उसळ संपली, चारही डब्बे पाहिले, आत काही राहिलं नाही. घासू का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हनलं, घासा."